पाकाची बाटली आणि डबल बेल

आमच्या मोठ्या साडभाऊंना बसलेलं पाहिलेला माणूस यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. आणि कोणी 'मी पाहिलं' म्हणत असेल, तर तो खोटारडा तरी आहे किंवा त्याने दुसऱ्याच कोणाचे साडभाऊ पाहिलेत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आर्णीला, गाव संपून शेतं सुरू होतात तिथं त्यांचं घर आहे. घरात दिवाण आहे, खुर्च्या आहेत, छपरीत म्हणजे ओसरीत एक ऐसपैस बाज आहे, आणि हे सगळं सामान आम्हा पाहुण्यांसाठी आहे. घरमालक मात्र उभे. जेवताना ते ताट एका हातावर घेऊन अशी फेरी मारतात की पहिला घास चुलीपाशी, भाजी छपरीत, वरणभात तुळशीपाशी आणि शेवटचं ताक मागच्या फाटकाबाहेर. दाढीलासुद्धा बसत नाहीत. न्हावी वस्तरा घेऊन मागे आणि हे तोंडाला फेस लावून पुढे. एका दाढीत दोघं बसस्टँडपर्यंत जाऊन येतात आणि वाटेत भाजीही घेतात. माझ्या लग्नातला सगळ्या नातेवाइकांचा एक फोटो आहे. त्यात उजव्या कोपऱ्यात एक पांढरा पुसट पट्टा दिसतो. लोकांना वाटतं फोटो खराब झालाय. तो पट्टा म्हणजे साडभाऊ.

आणि गंमत अशी, की या माणसाची सगळी नोकरी बसून झाली. ते एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. आर्णी, महागाव, पुसद, पांढरकवडा, असा सगळा मुलूख त्यांनी बुडाखाली सीट धरून पालथा घातला. त्याबद्दल एकदा मी छेडलं, तर म्हणाले, "सरकारच्या सीटवर जलमभर बसलो, साडभाऊ. बसन्याचा माहा कोटा खतम झाला. आता मी उभा राहून राह्यलो ना, थे माह्या मर्जीनं." मर्जी इतकी जबरदस्त की रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी घराच्या अंगणातून एक पायवाट पाडली. कुठंच न जाणारी. नुसती गोल.

त्यांना थांबवू शकेल असा माणूस जगात एकच होता. त्यांच्या गाडीवरचा कंडक्टर. झरी जामणीकडच्या रानातल्या एका खेड्याचा, काटकुळा, कमी बोलणारा. वर्षानुवर्षं हीच जोडी. कंडक्टरनं एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की चालायचं. या पलीकडे दोघांत संभाषण असं फारसं झालंच नाही आणि त्याची दोघांना गरजही पडली नाही. एकदा महागावच्या रस्त्यावर कंडक्टर काही कामासाठी झाडाआड गेला. गाडी भरलेली, ऊन रणरणतं, माणसं कावलेली. शेवटी एका उतारूनं न राहवून दोरी ओढली आणि डबल बेल दिली. टण् टण्. साडभाऊ ढिम्म. उतारू ओरडला, "ओ ड्रायव्हरसाहेब, डबल देल्ली ना!" साडभाऊंनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "देल्ली. पन हा हात त्याचा नाई." सगळी गाडी घामानं निथळत बसली आणि झाडाआडचा माणूस सावकाश आला, चढला, त्यानं आपल्या हातानं दोरी ओढली, तेव्हा कुठं चाकं हलली. तो उतारू मीच होतो असं साडभाऊ पाहुण्यारावळ्यांत सांगतात. मी ते कबूल केलेलं नाही.

दोघंही पाठोपाठ रिटायर झाले. कंडक्टर आपल्या रानात गेला आणि तिथं त्यानं मधमाशांच्या पेट्या ठेवल्या. एक दिवस तीन पेट्या टेम्पोत घालून तो आर्णीला आला, साडभाऊंच्या घरामागच्या कडुनिंबाखाली त्या मांडून दिल्या आणि म्हणाला, "हे पाळ. याले एकच चीज लागते. दम." एका पेटीवर हात ठेवून पुढे म्हणाला, "हे माह्या घरची जुनी हाये. वावराच्या धुऱ्यावरच्या झाडाच्या पोकळीतून मी सोता काढून आनलेली. माह्याकडच्या साऱ्या पेट्या हिच्याच पोरी. हिले जप." आता जो माणूस दाढीला बसत नाही त्याच्याकडून दमाची अपेक्षा करायची, याला मैत्री म्हणायचं की सूड, हे मला आजवर कळलेलं नाही.

सांगायची गोष्ट ती बाटलीची. पावसाची झड लागली, फुलांतला रस धुऊन गेला, की माशांना घरबसल्या साखरेचा पाक द्यावा लागतो. रुंद तोंडाची काचेची बाटली घ्यायची, झाकणाला बारीक बारीक भोकं पाडायची, पाक भरायचा आणि पेटीच्या वरच्या फळीला ठेवलेल्या खिडकीत बाटली उलटी बसवायची. माशा खालून जीभ लावून पितात. रिकामी झाली की बाटली धुवायची, पुन्हा भरायची. एवढीशी गोष्ट. कोणीही शहाणा माणूस ती करतो आणि चहा प्यायला जातो. पण साडभाऊंना आयुष्यात प्रथमच असं काम सापडलं होतं की जे कधी संपत नाही, आणि ते त्यावर तुटून पडले.

पहिलं पाणी कोमट, दुसरं उकळतं, तिसरं उकळून गार केलेलं. साबणाला बंदी, त्याचा वास काचेला राहतो म्हणून. घासायला लांब दांड्याचा ब्रश, आणि तो फक्त या बाटल्यांचा. मुलीचं बाळ घरी आलेलं असताना ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या या थोरल्या बहिणीनं, चुकून तो ब्रश बाळाच्या दुधाच्या बाटलीला लावला. साडभाऊंनी ब्रश उकळला, दुधाची बाटली उकळली, आणि "लेकराले उकळ्याच्या आधी मी त्याले उचलून शेजारी नेलं," असं ताई शपथेवर सांगतात. झाकणाच्या भोकांत साखर जमते. ती काढायला ताईंच्या शिलाई मशीनची सुई. सुई फिरवून झाली की झाकण डोळ्याला लावून सूर्याकडे पाहायचं. प्रत्येक भोकातून सूर्य दिसला पाहिजे. एखाद्या वेळी आभाळ भरलेलं असायचं. तरी दोष भोकाचाच. मग बाटली उन्हात वाळवायची आणि शेवटी नाकाला लावायची. आंबूस वास आला की पुन्हा पहिलं पाणी.

हे हुंगणं पुढं बाटलीपुरतं राहिलं नाही. त्यांच्याकडे चहा घेतला तर कप आधी त्यांच्या नाकाखालून जाऊन मग आपल्याकडे येतो. माझ्या घरी येऊन त्यांनी माझ्या बायकोच्या लोणच्याच्या बरण्या ओळीनं हुंगल्या आणि एक नापास केली. बायको त्या विषयावर अजून बोलत नाही. पाक फक्त पांढऱ्या साखरेचाच. गूळ वर्ज्य, गुळानं माशांचं पोट बिघडतं, हे त्यांनी मला, दूधवाल्याला, पोस्टमनला आणि रस्ता विचारायला थांबलेल्या एका ट्रकवाल्याला पुन्हा पुन्हा सांगितलंय. एक थेंब बाहेर सांडला तर मुंग्यांची वरात येते म्हणून पेटीखालच्या लोखंडी स्टँडच्या प्रत्येक पायाखाली पाणी भरलेली स्टीलची वाटी. या वाट्या ताईंच्या कपाटातल्या, आहेरात आलेल्या. त्यातली एक मी दिलेली. घर बांधलं तेव्हा मी मोठ्या हौसेनं 'सप्रेम भेट' आणि खाली माझं नाव कोरून दिली होती. आज माझं नाव जुन्या पेटीच्या मागच्या डाव्या पायाखाली गळ्यापर्यंत पाण्यात उभं आहे. नातेवाइकांच्या दिलेल्या वस्तू लोक माळ्यावर टाकतात. माझी निदान पहाऱ्यावर आहे.

मागच्या वर्षी झड लागली ती अशी, की आर्णीतल्या म्हशीसुद्धा कोरड्या जागेची चौकशी करू लागल्या. कपाशीला फूल होतं, पण तिच्यावर फवारे चालू, म्हणून तिचा भरवसा नाही. माशांचा सगळा संसार या बाटल्यांवर. आणि साडभाऊंना बाटल्यांची अशी काळजी लागली, की सकाळी पाहिली तरी चहानंतर पुन्हा पाहायची, जेवणाआधी काढायची, जेवणानंतर धुवायची, पाक अर्धा असला तरी ओतून द्यायचा आणि नवा भरायचा. प्रत्येक वेळी पेटीचं वरचं झाकण उघडायचं. आतल्या माशांना रोज कितीदा उजाडत होतं त्यांनाच माहीत. एक दिवस पाहतात तो पहिली पेटी रिकामी. मेलेली एक माशी नाही, सगळं खटलं उठून निघून गेलेलं. साडभाऊंनी बाटली हुंगली आणि म्हणाले, "काहीतरी राह्यलं असन आतमंदी." मग उरलेल्या बाटल्यांची धुलाई दुप्पट झाली. थोड्याच दिवसांत दुसरी पेटीही रिकामी.

ताई छपरीत तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माशा गेल्या नाई. तुमी हाकलल्या."

"मी? मी तं त्यायची सेवा करून राह्यलो!"

"घडीघडी छप्पर उघडता, ताट उचलता, ताट ठेवता. कोन राहीन अशा घरात? मीबी गेली असती केव्हाचीच. मले पंख नाई म्हनून राह्यली."

साडभाऊंनी हातातला ब्रश खाली ठेवला. उरली होती ती एकच पेटी, कंडक्टरची जुनी, आणि तीही माशा कमी होऊन हलकी झालेली. तुरीला फुलं येईपर्यंत ती निभावली तर पुढं तिला कोणाची गरज नव्हती; मधेच उठून गेली तर साडभाऊ कंडक्टरला काय तोंड दाखवणार होते? त्या दिवसापासून त्यांनी हात आवरायला घेतला. हात आवरला म्हणजे तो माणूस पेटीपासून चार पावलांवर उभा राहायचा आणि हातांनी हवेतल्या हवेत बाटली धुवायचा. मी स्वतः पाहिलंय. हवेत सुईसुद्धा फिरवायचे.

आणि अशात पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांच्या कानात आमंत्रण सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' साडभाऊंकडे बैल कधीच नव्हते. जन्मभर हाकली ती सरकारी गाडी. मी सणाला म्हणून गेलो होतो. संध्याकाळी मागच्या अंगणात पाहतो तर साडभाऊ पेटीसमोर वाकलेले. पेटीच्या दोन्ही खांद्यांना हळदीची बोटं लावलेली, आणि माशांच्या दाराशी तोंड नेऊन अगदी हळू आवाजात म्हणताहेत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मी खोकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी घरात पुरण शिजलं आणि साडभाऊ पुरणाच्या पातेल्याभोवती घिरट्या घालू लागले. थोड्या वेळानं मोरीत पाहतो तर पाण्यात पुरण कालवून ते धोतराच्या फडक्यातून गाळताहेत आणि शेजारी ती लखलखीत बाटली.

"अहो साडभाऊ, गूळ आहे त्यात!" मी ओरडलोच. "तुम्हीच तर त्या ट्रकवाल्याला..."

"आवतन देल्लं हाये," ते म्हणाले. "पोळ्याचं आवतन. अन सनाच्या दिवशी पानावर साखरपानी वाढू? माहं घर काय दवाखाना हाये?"

"पण माशांचं पोट?"

"बैल खाते का रोज पुरन? वर्षातून एक डाव खाते. काई होत नाई."

मी आत जाऊन आणखी एक पुरणपोळी वाढून घेतली. अंधार पडायच्या आत बाटली पेटीवर चढली आणि साडभाऊ त्या दिवशी समाधानानं उभे राहिले.

दुसऱ्या सकाळी, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, त्या अंगणातून असा वास येत होता की पोलीस आले असते तर आम्हा तिघांनाही भट्टी लावल्याबद्दल उचलून नेलं असतं. दमट हवेत पुरणपाणी रात्रभर फसफसलं होतं, त्याच्या जोरानं झाकणाच्या भोकांतून भसाभसा गळलं होतं आणि खाली माशांना न्हाऊ घालून गेलं होतं. उरलेली भोकं डाळीनं बुजलेली. माशा पंख चिकटून दारात लोळत होत्या, काही एकमेकींना चाटून मोकळं करायला बघत होत्या. पेटीच्या तोंडावर पिवळे ओघळ; पोटं खरंच बिघडली होती. कडुनिंबाची एक फांदी पावसानं वाकून पेटीला टेकली होती आणि तिच्यावरून मुंगळ्यांची रांग उतरत होती. वाट्या चारही पायांखाली चोख भरलेल्या. माझं नाव इमानानं पहारा देत होतं, आणि चोर वरून आलेले.

साडभाऊ समोर उभे. एका हातात सुई, एका हातात ब्रश. झाकण उघडायला पुढं व्हायचे आणि मागं यायचे, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. "उघडली तं जातीन," म्हणायचे. "नाई उघडली तं मरतीन." शेवटी ताईंनी फोन आणला, कंडक्टरला लावला आणि आवाज मोठा करून साडभाऊंच्या तोंडासमोर धरला.

"काय देल्लं त्यायले?" पलीकडून आवाज आला.

"पुरन."

पलीकडे बाज करकरली. मग, "कटाची आमटी राह्यली का बे?"

"अबे मी मरून राह्यलो अठी, अन तुले..."

"आयक. आधी थे फांदी तोड. मंग एकच डाव पेटी उघड. खालची फळी पूस. बाटली धू, सुकव, साखरेचा कोमट पाक भर, ठेव. दार लहान कर. अन मंग खुर्ची घे."

"खुर्ची कायले?"

"बसाले. समोर बस. बाटली रिकामी होईन तवा उठ, धू, भर, ठेव, वापस बस. बाकी टाईम हात लावला तं मी तुह्या घरी कधी येनार नाई." मग तिकडे त्यानं कशावर तरी काहीतरी मारलं. टण्. एकदाच. "हे सिंगल. डबल मी देईन. तवर हालू नोको."

आणि साडभाऊ बसले. आर्णीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक काहीतरी निमित्त काढून मागच्या अंगणात येऊ लागले. न्हावी आला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा साडभाऊंची दाढी एका जागी केली. त्याचा हात स्थिर चेहऱ्यावर चालेना म्हणून दोनदा कापलं. शेजारची म्हातारी तर नारळ घेऊन आली होती, तो ताईंनी परत पाठवला. पाय शांत झाले तरी हात ऐकत नव्हते. ते मांडीवर आपोआप बाटली धूत राहायचे. मग ताईंनी सरकी काढलेला कापूस आणून मांडीवर टाकला आणि म्हणाल्या, "वाती वळा." साडभाऊ वाती वळू लागले. जिल्हा कापसाचा म्हणून निभावलं, नाहीतर कापूस बाहेरून मागवावा लागला असता. सगळ्या देवळांना वाती पोचल्या, नातेवाइकांना पोचल्या, माझ्या घरी एक पोतं आलं. आम्ही अजून त्याच जाळतोय.

माशा टिकल्या. आधी दारातलं लोळणं थांबलं, मग ओघळ थांबले, मग एक दिवस एक माशी पायांना पिवळा पराग लावून आली, आणि साडभाऊंनी मला तेवढ्यासाठी फोन केला. बसलेल्या माणसाला काय काय दिसतं त्याचा त्यांना शोध लागला होता. "साडभाऊ, तुमाले मालूम हाये? माशी भायेरून येते ना, थे डायरेक आत नाई जात. दारापाशी जरासक थांबते. मंग जाते." मी म्हटलं, "स्टॉप असेल." तिकडून हसणं ऐकू आलं. बाटली आपल्या वेळेला रिकामी व्हायची, ते उठायचे, नीट धुवायचे, सुईनं भोकं मोकळी करायचे, भरून ठेवायचे, पुन्हा बसायचे. रोज संध्याकाळी कंडक्टरला फोन. "सिंगल का डबल?" "सिंगल." फोन बंद. एकदा फक्त तो जास्त बोलला. "तुरीले फूल येऊ दे. मी सोता येतो, तुह्या अंगनात डबल देतो. मंग नाचाचं तं नाच."

तूर फुलली. आर्णीच्या पुढचं सगळं शिवार पिवळं झालं आणि माशांनी आमच्या साडभाऊंच्या बाटलीकडे पाठ फिरवली. पाक भरला तसा राहिला. रानात ताजं मिळत असताना त्यांना बाटलीतलं कशाला हवं! साडभाऊंनी बाटली काढली, तिन्ही पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली आणि छपरीतल्या फळीवर उलटी ठेवली. आता पाहुणा यायची वाट. ताईंनी त्याच्यासाठी आंबाडीची भाजी निवडून ठेवली होती.

तो आला नाही. झरी जामणीकडून फोन आला तो त्याच्या घरच्यांचा. रात्री झोपला तो सकाळी उठला नाही, एवढंच ते सांगू शकले. साडभाऊ लाल गाडीनं गेले आणि लाल गाडीनं परत आले. आल्यावर सरळ मागच्या अंगणात गेले आणि खुर्चीत बसले.

काही दिवसांनी ताईंचा फोन आला. "जवाईबापू, एक डाव येऊन जा. हे बसून राह्यले."

मी गेलो. साडभाऊ पेटीसमोर खुर्चीत. मांडीवर कापूस, पण वळलेली वात एकही नाही. हातही हलत नव्हते. ताईंनी ताट नेऊन दिलं, तर त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि पहिल्या घासापासून शेवटच्या ताकापर्यंत एकाच जागी बसून जेवले. इतकी वर्षं ज्याची आम्ही थट्टा केली, ते नाहीसं झालेलं पाहून मला ताटावरून उठून जावंसं वाटलं. अंगणातल्या गोल पायवाटेवर गवत उगवलं होतं. ताई दारात येऊन हळूच म्हणाल्या, "सकाळपासून एक भांडं हुंगलं नाई यायनं. घर खायाले उठते मले."

मला जे येतं ते मी केलं. फळीवरची बाटली काढली, नाकाला लावली आणि तोंड वाकडं करून म्हणालो, "साडभाऊ, वास येतो हो याला. आंबूस."

त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही. "नाई येत. उकळून उन्हात वाळवली हाये थे. तुमी खोटं मस्त बोलता, साडभाऊ. पन हे नाई जमलं." मग, पेटीकडेच पाहत, "डबल नाई भेटली ना. थो येनार होता."

ताई पायऱ्या उतरून आल्या. हातात भाजीची पळी तशीच. पेटीच्या मागं गेल्या, वाकल्या, एका हातानं स्टँडचा पाय उचलला आणि दुसऱ्या हातानं खालची वाटी ओढून काढली. माझ्या नावाची. पाणी मातीत ओतलं, वाटी साडभाऊंच्या समोर धरली आणि तिच्यावर पळी मारली.

टण् टण्.

साडभाऊंनी मान वर केली. वाटीकडे पाहिलं.

"हा हात त्याचा नाई," ते म्हणाले.

"नाई," ताई म्हणाल्या. "माहा हाये. उठा."

ते उठले. खुर्चीच्या हाताला धरून, सावकाश. त्यांना असं काहीतरी धरून उठताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या हातातून बाटली घेतली, झाकण डोळ्याला लावून मावळत्या सूर्याकडे पाहिलं, मग बाटली नाकाशी नेली आणि तिथं बराच वेळ धरली.

"येते," म्हणाले. "जरासक येते."

आणि आत गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून पातेल्याचा आवाज आला, मग ताईंचं "अवो, भाजी हाये ना त्याच्यात!" आणि मग त्या सगळ्यावरून साडभाऊंचा आवाज, "थे वाटी कोनं काढली बे तिथून? मुंगळे चढतीन ना!"

मी वाटीत पाणी घेतलं आणि पेटीच्या पायाखाली सरकवली. माझ्या नावावर पाणी चढलं, जरा हललं आणि स्थिर झालं. तुरीवरून परतणाऱ्या शेवटच्या माशा दारापाशी क्षणभर थांबून आत जात होत्या. खुर्ची रिकामी होती. तिच्या हाताला अडकलेला कापसाचा एक पुंजका वाऱ्यावर हलत होता, सुटत मात्र नव्हता.